काम कुठे अडलंय ते पाहा, मग पुस्तक निवडा

प्रश्न असा आहे: मशिनिंगच्या जॉब वर्कचं छोटं युनिट, पंधरा माणसं, महिन्याला साधारण २० लाखांची विक्री. मालकाच्या हातात जगातल्या यशस्वी संस्थापकांनी आणि कंपनीप्रमुखांनी सुचवलेल्या तीस पुस्तकांची यादी आहे. त्यातली कोणती वाचावीत, कुठल्या क्रमाने, आणि वाचून नेमकं करायचं काय?

तिसांपैकी चार पुरतात. कोणती चार, हे मात्र पुस्तक सुचवणाऱ्याच्या नावावर ठरत नाही, तुमचं काम आज कुठे अडलंय त्यावर ठरतं. सुचवणाऱ्यानेही ते पुस्तक त्याच्या एका विशिष्ट अडचणीत वाचलेलं असतं आणि यादीत ती अडचण लिहिलेली नसते. ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना एकत्र बसवून तीन पुस्तकं वाचायला लावली, हे २०१३ मध्ये त्यांनीच सांगितलं. ती होती पीटर ड्रकर यांचं ‘द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह’, क्लेटन क्रिस्टेन्सन यांचं ‘द इनोव्हेटर्स डिलेमा’ आणि एलियाहू गोल्डरॅट यांचं ‘द गोल’. ॲमेझॉनच्या कामाचा मोठा भाग गोदामातून माल वेळेवर बाहेर काढण्याचा आहे. ‘द गोल’ ही कारखान्यावरची कादंबरी त्यांच्या उपयोगी का पडली, हे त्यावरून कळतं. अजून पहिली ऑर्डर न मिळालेल्या माणसाने तेच पुस्तक वाचलं तर त्याच्या हाती फारसं काही लागणार नाही.

म्हणून आधी एक आठवडा पुस्तक उघडू नका. चार कागद तयार करा. पहिल्यावर गेल्या तीन महिन्यांत उशिरा गेलेल्या दहा ऑर्डरी लिहा आणि प्रत्येकीपुढे ती नेमकी कुठल्या ठिकाणी किती दिवस पडून होती ते लिहा. दुसऱ्यावर त्याच काळात दिलेली कोटेशन आणि त्यांपैकी आलेल्या ऑर्डरी. तिसऱ्यावर येणी: ३० दिवसांच्या आतली, ३० ते ६०, ६० ते ९० आणि त्यापुढची. चौथ्यावर तुमचा स्वतःचा वेळ, दर अर्ध्या तासाला एक ओळ, काम चालू असतानाच लिहिलेली. रात्री आठवून लिहिलेला कागद खोटा निघतो, कारण ज्या कामाचा त्रास झाला ते मोठं वाटतं आणि फोनवर गेलेले दोन तास आठवतच नाहीत. या चार कागदांतून काम मशीनपाशी अडलंय, गिऱ्हाइकापाशी, पैशापाशी की तुमच्या टेबलापाशी, ते दिसतं.

मशीनपाशी अडलं असेल तर ‘द गोल’ आधी वाचा. जॉब वर्क करणाऱ्या बहुतेक युनिटांसाठी हेच पहिलं पुस्तक, म्हणून त्यावर जरा सविस्तर.

गोल्डरॅट मूळचे इस्रायली भौतिकशास्त्रज्ञ. जेफ कॉक्स यांच्याबरोबर त्यांनी ही कादंबरी लिहिली आणि ती १९८४ मध्ये आली. ॲलेक्स रोगो नावाच्या मॅनेजरला डबघाईला आलेला कारखाना सावरायला तीन महिने मिळतात, एवढंच कथानक. त्याच्या संसारातल्या कुरबुरींची पानं भरभर उलटलीत तरी चालेल, पण मुलांच्या सहलीचं प्रकरण दोनदा वाचा. रांगेने चालणाऱ्या मुलांत हर्बी सगळ्यांत हळू. पुढची पोरं पुढे निघून जातात, मागची खोळंबतात आणि रांग लांबत जाते. शेवटी हर्बीला सगळ्यांच्या पुढे ठेवतात आणि त्याच्या पाठीवरचं ओझं इतरांत वाटून घेतात. रांगेची ती लांबी म्हणजे तुमच्या शेडमध्ये ट्रेमध्ये पडून असलेला अर्धवट माल. हे चित्र डोक्यात बसलं की पुढचे पाच टप्पे आपोआप समजतात: अडणारी जागा शोधा, तिच्याकडून पुरेपूर काम घ्या, बाकी सगळं तिच्या चालीने चालवा, मग तिची क्षमता वाढवा, आणि ती मोकळी झाली की पुढची जागा शोधा.

पहिल्याच टप्प्यावर बहुतेक जण चुकतात. ‘जिथे मालाचा ढीग, तिथे बॉटलनेक (अडणारी जागा)’ हे अर्धंच खरं आहे. आधीच्या लेथवाल्याने मशीन रिकामं राहू नये म्हणून एकदम ५०० नगांचा लॉट मारला तर पुढच्या मशीनसमोर ढीग पडणारच. त्या मशीनची क्षमता कमी आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. खात्री हिशेबाने करा. गेल्या चार आठवड्यांत प्रत्येक मशीनवर गेलेले नग गुणिले एका नगाची मिनिटं, अधिक सेटिंगचा वेळ. त्याला मशीन प्रत्यक्ष चालू शकणाऱ्या वेळेने भागा. ज्या मशीनचं उत्तर सगळ्यांत मोठं ते संशयित. इथे शिफ्टची ४८० मिनिटं धरू नका. संशयित मशीनवर पाच दिवस कागद लावा आणि पाच मिनिटांपेक्षा मोठा प्रत्येक खोळंबा ऑपरेटरला कारणासकट लिहायला सांगा: सेटिंग, टूल बदल, माल आला नाही, ड्रॉइंग सापडत नाही, क्वालिटीवाल्याची वाट, वीज, जेवण. ४८० मधली ३३० मिनिटंच चिप निघाली, म्हणजे मशीनने प्रत्यक्ष कापकाम केलं, तर धक्का बसू देऊ नका, तो आकडा सर्रास दिसतो. कागद लावताना ऑपरेटरला स्पष्ट सांगा की ही मोजणी मशीनची आहे. नाहीतर तो भीतीने सगळे खोळंबे ‘वीज’ म्हणून लिहील.

दुसरा टप्पा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित. हिशेबासाठी एकच व्हीएमसी (व्हर्टिकल मशिनिंग सेंटर, संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारं मशीन), एकच शिफ्ट आणि दोन जॉब धरू. जॉब क ४२० रुपयांना जातो, त्यातलं मटेरियल १८० रुपयांचं, म्हणजे नगामागे २४० उरतात आणि व्हीएमसीवर १२ मिनिटं लागतात. जॉब ख ३०० रुपयांना जातो, मटेरियल १४०, उरतात १६०, वेळ ५ मिनिटं. नगाकडे पाहिलं तर क फायद्याचा. व्हीएमसीच्या मिनिटाकडे पाहिलं तर क मिनिटाला २० रुपये देतो आणि ख ३२ रुपये. ३३० मिनिटांत क चे २७ नग निघतात, म्हणजे ६,४८० रुपये. तेवढ्याच वेळात ख चे ६६ नग, १०,५६० रुपये. मशीन तेच, ऑपरेटर तोच, पगार तोच. ‘द गोल’मधून हा एकच हिशेब उचललात तरी पुस्तकाचे पैसे वसूल झाले.

याचा अर्थ क बंद करा असा नाही. जुन्या पार्टीचा जॉब असा तोडता येत नाही, आणि ख ला दिवसाला ६६ नगांची मागणीही हवी. उपयोग होतो तो दर ठरवताना. व्हीएमसी भरलेली असेल तर क नेही मिनिटाला ३२ रुपये द्यायला हवेत, म्हणजे १२ मिनिटांचे ३८४ आणि मटेरियलचे १८०, एकूण ५६४ रुपये. पुढच्या वाटाघाटीला बसताना हा आकडा खिशात असू द्या. दुसरा मार्ग, क चं व्हीएमसीचं काम बाहेर द्यायचं. बाहेर १५० रुपये पडले तरी क मधून ९० उरतात, आणि मोकळ्या झालेल्या १२ मिनिटांत ख चे दोन नग निघतात. ‘बाहेर १५० देण्यापेक्षा घरात ७० रुपयांत होतं’ असं म्हणून हा मार्ग नाकारला जातो. त्या ७० रुपयांत व्हीएमसीच्या मिनिटांची खरी किंमत धरलेली नसते.

पुरेपूर काम घेण्याचे बाकीचे उपाय साधे आहेत. जेवणाच्या अर्ध्या तासात दुसऱ्या माणसाने मशीन चालवायचं. ख चे सहा नग जास्त निघाले तर दिवसाला ९६०, महिन्याच्या २५ दिवसांत २४,००० रुपये. पुढच्या जॉबचं फिक्स्चर (नग पकडून ठेवायचा साचा), टूल आणि प्रोग्राम आधीचा जॉब चालू असतानाच बाहेर तयार ठेवायचं, म्हणजे मशीन थांबल्यावर फक्त बदलायचं. आणि इन्स्पेक्शन बॉटलनेकच्या आधी आणायचं, हे कादंबरीतही येतं. लेथवरचा खराब नग व्हीएमसीवर चढण्याआधी पकडला तर मटेरियल आणि लेथचा वेळ जातो. चढल्यानंतर पकडला तर १२ मिनिटं गेली, आणि ती कितीही ओव्हरटाइम केला तरी परत येत नाहीत.

तिसरा टप्पा सगळ्यांत अवघड, कारण तो मालकाच्या नजरेला टोचतो. बाकीची मशीन व्हीएमसीच्या चालीने चालवायची म्हणजे लेथवाला कधी कधी नुसता उभा दिसणार. ते पाहवत नाही म्हणून त्याला पुढच्या आठवड्याचा माल काढायला सांगितलं जातं आणि सगळं मुसळ केरात. तो माल व्हीएमसीसमोर साठतो, त्यात पैसे अडकतात, तातडीचा जॉब त्या ढिगात हरवतो, आणि बारचं (धातूच्या दांडीचं) मटेरियल आधीच वापरलं गेल्याने दुसरा जॉब खोळंबतो. नियम असा करा: व्हीएमसीसमोर दीड दिवसाचं काम कायम असावं, त्यापेक्षा जास्त असेल तर स्टोअरमधून नवा बार द्यायचा नाही. रिकाम्या वेळात लेथवाल्याने डीबरिंग करावं (नगाच्या धारदार कडा घासाव्यात), फिक्स्चर साफ करावीत, व्हीएमसीचं जेवणाचं अंतर सांभाळावं. तुमच्याकडे नगावर भत्ता असेल तर लेथचा तो भत्ता आधी बदला. ज्याला नगामागे पैसे मिळतात तो मशीन कशाला थांबवेल? या एका कारणामुळे वर्कशॉपमध्ये ही पद्धत महिनाभरात मोडते.

नवीन मशीन घेणं हा चौथा टप्पा आहे. आपल्याकडे सुरुवातच तिथून होते. कर्ज मंजूर असतं, प्रदर्शनात मशीन पाहिलेलं असतं, आणि हप्ता सुरू झाल्यावर कळतं की जुन्या मशीनमध्येच दिवसाचा दीड तास दडलेला होता. दुसरा आणि तिसरा टप्पा दोन महिने पाळून मगच डीलरला फोन करा.

आणि पाचवा: व्हीएमसी मोकळी झाली की अडणारी जागा सरकते. अनेकदा ती भिंतीबाहेर जाते, बाहेरच्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे किंवा प्लेटिंगवाल्याकडे. आठवड्यातून एकदा शनिवारी टेम्पो भरून पाठवण्याऐवजी दोनदा निम्मा निम्मा पाठवा. भाडं वाढेल, पण माल सरासरी दीड-दोन दिवस आधी परत येईल. ते भाडं परवडतं का, हे उशिराच्या ऑर्डरींच्या कागदावरून काढता येतं.

तुमच्या टेबलापाशी अडलं असेल, म्हणजे प्रत्येक निर्णय तुमच्याकडे येऊन थांबत असेल, तर अँड्र्यू ग्रोव्ह यांचं ‘हाय आउटपुट मॅनेजमेंट’ घ्या. ग्रोव्ह इंटेलमध्ये १९६८ पासून, कंपनीच्या सुरुवातीपासून होते. पुस्तक १९८३ चं. मार्क झुकरबर्ग यांच्यापासून अनेक संस्थापक ते सुचवतात, आणि २०१५ च्या आवृत्तीला बेन होरोविट्झ यांची प्रस्तावना आहे. सुरुवात उकडलेलं अंडं, टोस्ट आणि कॉफी अशा न्याहारीच्या उदाहरणाने होते. अंड्याला सगळ्यांत जास्त वेळ लागतो, म्हणून बाकीचं सगळं त्याच्या वेळेत बसवायचं. ‘द गोल’ वाचलेल्याला ही जागा ओळखीची वाटेल.

त्यातले तीन विचार पंधरा माणसांच्या युनिटला थेट लागू पडतात. पहिला, मॅनेजरचं काम म्हणजे त्याच्या हाताखालच्या आणि त्याच्या प्रभावातल्या माणसांचं मिळून निघालेलं काम. त्याने स्वतः किती धावपळ केली ते मोजायचं नाही. दुसरा, कुठलाही आकडा एकटा पाहू नये, त्याला जोडीदार द्यावा. डिस्पॅच झालेले नग पाहत असाल तर परत आलेले नगही पाहा. स्टॉक कमी करायला सांगितलंत तर मटेरियल नाही म्हणून किती वेळा मशीन थांबलं तेही पाहा. एकट्या आकड्यामागे माणसं धावतात आणि दुसरीकडे खड्डा पडतो.

तिसरा सगळ्यांत मोलाचा. माणसाला किती मोकळं सोडायचं हे त्या विशिष्ट कामातल्या त्याच्या तयारीवर ठरतं, त्याच्या एकूण हुशारीवर किंवा नोकरीच्या वर्षांवर नाही. काम नवीन असेल तर काय, केव्हा, कसं, सगळं स्पष्ट सांगा. थोडं जमायला लागलं की सांगणं कमी करून चर्चा वाढवा. पुरतं जमलं की फक्त उद्दिष्ट ठरवा आणि अधूनमधून पाहा. आपल्या वर्कशॉपमधली नेहमीची चूक इथे उलगडते: सगळ्यांत चांगल्या ऑपरेटरला सुपरवायझर करायचं आणि ‘त्याला सगळं येतं’ म्हणून सोडून द्यायचं. त्याला मशीन येतं. माणसांना काम वाटून देणं, पार्टीला फोनवर तारीख सांगणं, आठवड्याचं नियोजन, हे त्याच्यासाठी पहिल्या दिवसासारखं नवीन आहे. तो गडबडतो, मालक चिडतो, आणि सहा महिन्यांत चांगला ऑपरेटरही जातो आणि सुपरवायझरही. पहिले तीन महिने त्याच्याबरोबर रोज सकाळी पंधरा मिनिटं बसा आणि दिवसाचं वाटप त्याच्याकडून लिहून घ्या. मग आठवड्यातून तीनदा, मग एकदा.

ग्रोव्ह हाताखालच्या माणसाबरोबर एकास एक बैठकीवर भर देतात. ती निदान एक तास चालावी आणि विषय त्या माणसाने आणावेत, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे ती बैठक ‘सगळं ठीक आहे साहेब’वर संपते. म्हणून आदल्या दिवशी सांगा की दोन अडचणी कागदावर लिहून आणायच्या. तुमच्या टेबलासमोर बसवू नका, मशीनपाशी किंवा चहाच्या जागी बसा. पहिल्या दोन बैठकांत तो जे सांगेल त्यातली एक गोष्ट आठवड्याच्या आत करून दाखवा, साधा एक्झॉस्ट फॅन असला तरी. तिसऱ्या वेळी तो खरं बोलायला लागतो. पुस्तकातला एका माणसाला दोन वरिष्ठ असण्याचा आणि मोठ्या संस्थांच्या रचनेचा भाग पन्नासच्या खालच्या युनिटने खुशाल सोडावा.

ड्रकर यांच्या पुस्तकातलं वेळेवरचं प्रकरण याच अडचणीसाठी आहे आणि चौथा कागद तिथूनच येतो. तीन-चार आठवडे सलग वेळ नोंदवायचा, वर्षातून दोनदा. मग प्रत्येक ओळीला विचारायचं: हे केलंच नसतं तर काय बिघडलं असतं? दुसरं कुणी करू शकलं असतं का? बाकीचं पुस्तक नंतर सावकाश वाचा.

पैशापाशी अडलेल्या माणसाला मात्र या यादीतली पुस्तकं फारशी मदत करत नाहीत. ती बहुतेक अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या अनुभवातून आलेली आहेत, आणि मोठ्या गिऱ्हाइकाकडून बिल कसं वसूल करायचं ही छोट्या पुरवठादाराची झोप उडवणारी गोष्ट त्यांत क्वचितच येते. म्हणून ते इथेच सांगतो. महिन्याला २० लाखांची विक्री आणि ९० दिवसांची उधारी म्हणजे ६० लाख बाहेर. उधारी ६० दिवसांवर आणली तर २० लाख मोकळे होतात. बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावर ११ टक्के व्याज धरलं तर वर्षाला २ लाख २० हजार वाचतात.

२००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. नेहमीच्या पार्टीवर तक्रार करायला कुणी धजत नाही हे खरं आहे, तरी उद्यम नोंदणीचा (लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचा) क्रमांक बिलावर छापलाच पाहिजे. कायद्याचा उपयोग भांडणापेक्षा गिऱ्हाइकाच्या अकाउंट्स विभागातल्या प्राधान्यक्रमासाठी जास्त होतो.

उशिराची बरीच कारणं तर आपल्या बाजूची असतात. बिलावरचा पीओ (गिऱ्हाइकाची लेखी खरेदी ऑर्डर) क्रमांक किंवा दर जुळत नाही, पीओतली संख्या संपलेली असते, माल मिळाल्याची नोंद त्यांच्या स्टोअरने केलेली नसते. ४६ व्या दिवशी ‘पेमेंट कधी?’ म्हणून फोन केला की तेव्हा हे कळतं आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. माल पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी फोन करा आणि एवढंच विचारा, ‘बिल बुक झालं का?’ हा फोन करायला मालक लागत नाही. गिऱ्हाईक मोठं असेल आणि ट्रेड्स या बिल डिस्काउंटिंगच्या व्यवस्थेवर असेल तर तेही विचारा. त्याने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि पैसे लवकर मिळतात.

आता गिऱ्हाइकापाशी अडलेल्यांबद्दल. इथे ‘द इनोव्हेटर्स डिलेमा’ कामाला येतं, पण त्यातला ‘डिसरप्शन’ हा शब्द फार सैल वापरला जातो. क्रिस्टेन्सन यांचं १९९७ चं हे पुस्तक ‘काहीतरी नवीन करा’ असं सांगत नाही. चांगल्या चाललेल्या कंपन्या आपल्या उत्तम गिऱ्हाइकांचं ऐकूनच कशा मागे पडतात, हे ते दाखवतं. त्यांचं पोलादाचं उदाहरण महाराष्ट्रात लगेच कळेल. भंगार वितळवणाऱ्या छोट्या मिल्स आधी बांधकामाच्या सळईत शिरल्या, कारण तिथे दर्जाची अट कमी आणि नफाही कमी. मोठ्या मिल्सनी ती जागा आनंदाने सोडली. मग छोट्या मिल्स अँगलमध्ये गेल्या, मग बीममध्ये, मग पत्र्यात, आणि प्रत्येक वेळी मोठ्यांना आपण कमी नफ्याचं काम टाकतोय असंच वाटत राहिलं. भंगारापासून सळई बनवणाऱ्या जालन्याच्या माणसाने हे प्रकरण वाचलं तर प्रत्येक ओळीला त्याच्याकडे उदाहरण असेल. वाचून करायचं काम असं: तुमच्या गिऱ्हाइकांपैकी सगळ्यांत कमी नफ्याच्या, सगळ्यांत कटकटीच्या जॉबची यादी करा आणि ते काम तुमच्याऐवजी कोण घेतंय ते शोधा. तो माणूस पाच वर्षांनी तुमच्या चांगल्या जॉबसाठी कोटेशन देत असेल का?

याच अडचणीवर आपल्या भाषेतलं वाचन मला जास्त उपयोगी वाटतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचं चरित्र ‘यांत्रिकाची यात्रा’ वाचा. लोखंडामुळे जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिला लोखंडी नांगर विकायला दोन वर्षं गेली. कारखान्यात आणखी एक भट्टी लावून तो प्रश्न सुटला नसता, कारण अडणारी जागा शेतकऱ्याच्या मनात होती. अमूलचे वर्गीस कुरियन यांच्या ‘माझंही एक स्वप्न होतं’ या आत्मकथनातही हेच कोडं वेगळ्या रूपात आहे. हिवाळ्यात म्हशी भरपूर दूध देत आणि मुंबई तेवढं घेत नसे. दूध वाढवण्यापेक्षा जास्तीचं दूध टिकवणं ही खरी गरज होती. कुरियन यांचे सहकारी एच. एम. दलाया यांनी म्हशीच्या दुधाची भुकटी करून दाखवली आणि १९५५ मध्ये आणंदला तो कारखाना उभा राहिला. तोवर म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही असंच जाणकार सांगत होते. ‘द गोल’चा पहिला टप्पा मनात ठेवून ही दोन पुस्तकं वाचली तर चरित्र राहत नाही, हिशेबाची वही होते.

बिल गेट्स यांचं आवडतं पुस्तक सगळ्या याद्यांत असतं: जॉन ब्रुक्स यांचं ‘बिझनेस ॲडव्हेंचर्स’. १९९१ मध्ये पहिल्या भेटीनंतर वॉरन बफे यांनी आपली प्रत गेट्स यांना दिली, आणि आपण वाचलेलं हे सर्वोत्तम व्यवसायविषयक पुस्तक आहे असं गेट्स यांनी २०१४ मध्ये लिहिलं. त्यात ‘न्यू यॉर्कर’मधले बारा लेख आहेत. कृती करण्याजोगं त्यात काही शोधू नका, निर्णय कसे फसतात ते समजून घ्यायला वाचा. फोर्डच्या एडसेल गाडीवरचा लेख पहिला घ्या. सप्टेंबर १९५७ मध्ये बाजारात आलेली ही गाडी नोव्हेंबर १९५९ मध्ये बंद झाली. नावासाठी अफाट संशोधन झालं, कवयित्री मरियन मूर यांच्याकडूनही नावं मागवली, आणि शेवटी यादीबाहेरचं, हेन्री फोर्ड यांच्या मुलाचं नाव दिलं गेलं. दुसरा लेख झेरॉक्सचा. चेस्टर कार्लसन यांनी पहिली छायाप्रत १९३८ मध्ये काढली आणि ९१४ हे छायाप्रतींचं यंत्र बाजारात यायला २० पेक्षा जास्त वर्षं लागली. ते महाग यंत्र विकण्याऐवजी महिना ९५ डॉलर भाड्याने दिलं, त्यात २,००० प्रती, पुढच्या प्रत्येक प्रतीला ४ सेंट. महागडं यंत्र बनवणाऱ्याने या दराच्या रचनेवर एक संध्याकाळ घालवावी. हे पुस्तक चौथं, आणि सुट्टीत.

‘गुड टू ग्रेट’ जवळपास प्रत्येक यादीत दिसेल. जिम कॉलिन्स यांच्या या २००१ च्या पुस्तकात ११ कंपन्या आदर्श म्हणून निवडल्या आहेत. त्यांपैकी सर्किट सिटीने २००८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, फॅनी मे त्याच वर्षी सरकारच्या ताब्यात गेली आणि वेल्स फार्गोला २०१६ मध्ये बनावट खात्यांबद्दल दंड झाला. कारण पद्धतीतच आहे: आधी जिंकलेले निवडले, मग त्यांच्यात सारखं काय ते शोधलं. तेच गुण असून हरलेल्या किती, हे अशा निवडीतून कळत नाही. त्यातली ‘फ्लायव्हील’ची कल्पना मात्र ॲमेझॉनने उचलली: कमी किंमत, त्यामुळे जास्त गिऱ्हाईक, त्यामुळे जास्त विक्रेते, त्यामुळे जास्त माल, आणि पुन्हा कमी किंमत. आपल्या धंद्याचं असं वर्तुळ काढून बघा. एखादा बाण ‘आपोआप होईल’ म्हणून काढला असेल तर तिथे वर्तुळ तुटलेलं आहे.

बेंजामिन ग्रॅहम यांचं १९४९ चं ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’ धंदा चालवण्यासाठी नाही, धंद्यातून बाहेर काढलेला पैसा सांभाळण्यासाठी आहे. आठवं आणि विसावं प्रकरण वाचा, बफेही तीच दोन आवर्जून सांगतात.

वाचायची पद्धत शेवटी. एका पुस्तकाला सहा आठवडे द्या. सुरू करण्याआधी कपाटाच्या दारावर एक आकडा लिहून लावा: व्हीएमसीची चालू मिनिटं, वेळेत गेलेल्या ऑर्डरी किंवा ६० दिवसांपुढची येणी, यांतला एकच. दर शनिवारी वाचलेल्या भागातली एक गोष्ट सुपरवायझरला मराठीत वीस मिनिटांत सांगा आणि पुढच्या आठवड्यात काय बदलायचं ते त्याच्याकडून ठरवून घ्या. सांगताना अडखळलात तर तो भाग तुम्हाला समजलेला नाही, परत वाचा. सहा आठवड्यांनी आकडा हलला नसेल तर दुसरं पुस्तक उघडण्याआधी दोन गोष्टी तपासा. बॉटलनेक म्हणून धरलेलं मशीन हिशेबाने ठरवलं होतं की ढीग पाहून? आणि लेथवाल्याचा नगावरचा भत्ता अजून चालू आहे का?